चाव्यानंतरची फसवी शांतता

(आष्टा, जि. सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय व्याख्यानाच्या नेहमीच्या विषयांहून वेगळा आहे. राष्ट्र, संस्कृती, इतिहास यांवर बोलण्याची आणि ऐकण्याची आपल्याला सवय आहे. पिसाळलेले कुत्रे हा व्याख्यानाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु ज्या रोगाने आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो, तो समाजाच्या चिंतनाचा विषय नसेल, तर दुसरा कोणता असावा?

आपण वाळवा-शिराळ्याच्या पट्ट्यातली माणसे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. उसाच्या फडात रात्री-अपरात्री पाणी पाजताना सर्पदंश होतो, हेही आपल्याला नवे नाही. एके काळी अशा माणसाला देवळात नेऊन बसवत. आज गावकरी त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखाना गाठतात. हा बदल का झाला? सापाचे विष थांबत नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून. तासा-दोन तासांत माणूस हातचा जातो, हे पाहिले की मांत्रिकावरची श्रद्धा आपोआप ढळते.

कुत्र्याच्या चाव्याचे तसे नाही. जखम धुतली न धुतली, चार दिवसांत खपली धरते. आठवड्याने ती पडूनही जाते. माणूस कामाला लागतो, मूल शाळेत जाऊ लागते. घरातले म्हणतात, ‘काही झाले नाही, उगीच घाबरलो.’ दोन महिने, तीन महिने असेच जातात आणि मग एके दिवशी त्या भरून आलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येऊ लागतात. त्या दिवशी वैद्यकशास्त्राच्या हातात फारसे काही उरलेले नसते. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच, की चाव्यानंतरची ही शांतता फसवी आहे. आणि गंमत अशी, की हीच शांतता आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी संधीही आहे.

शत्रू कसा चालतो?

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेल्याने तो शरीरात शिरतो. रक्तावाटे पसरणारे विष वेगळे. हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो आणि ही वाट मंद असते. साधारणतः एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षानेही लक्षणे दिसतात. चावा डोक्याच्या, मानेच्या जितका जवळ, तितका वेळ कमी. म्हणूनच लहान मुलांच्या बाबतीत धोका अधिक. त्यांची उंचीच अशी, की कुत्र्याचा जबडा सरळ तोंडापाशी पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पिसाळलेल्या असण्याचा संशय असलेले जनावर ज्यांना चावते, त्यांत शंभरांतील चाळीस पंधरा वर्षांखालील मुले असतात.

एकदा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला, की ताप, अस्वस्थता, पाण्याचा घोट घेताच घशाची उबळ, वाऱ्याच्या झुळकीचेही भय, आणि मग काही दिवसांत अंत. लक्षणे दिसू लागल्यावर वाचलेली माणसे साऱ्या जगात अगदी मोजकी आहेत. इतका खात्रीने मारणारा दुसरा संसर्ग शोधून सापडणे कठीण. आणि तरीही, मेंदूपर्यंतच्या त्या प्रवासाच्या अवधीत लस टोचली तर शरीर आधी सज्ज होते आणि शत्रू वाटेतच गारद होतो. मृत्यू आणि जीवन यांच्यातली ही शर्यत आहे, आणि या शर्यतीत निसर्गाने आपल्याला आघाडी देऊन ठेवली आहे. ती आघाडी आपण वाया घालवतो.

सुश्रुतांनी काय सांगितले?

आपल्या पूर्वजांना हा रोग चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, सातव्या अध्यायात, त्याचे वर्णन आहे. कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ अशी पिसाळणारी जनावरे तेथे नोंदवली आहेत. शेपूट, जबडा आणि खांदे गळालेले, तोंडातून लाळ वाहणारे, आंधळ्या-बहिऱ्यासारखे धावणारे जनावर, हे चित्र आजच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकातही जवळजवळ तसेच सापडते. पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या आवाजाने जो भयभीत होतो, त्याच्या त्या अवस्थेला सुश्रुतांनी जलत्रास म्हटले, आणि ते मरणसूचक अरिष्ट होय, असे स्पष्ट सांगितले.

या वर्णनाचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण अभिमानाबरोबर एक जबाबदारीही येते. जी अवस्था सुश्रुतांनी असाध्य म्हणून सांगितली, ती एखाद्या मुळीने, पाल्याने, मंतरलेल्या दोऱ्याने बरी करतो, असा दावा परंपरेच्या नावाने कुणी करीत असेल, तर तो परंपरेचा सन्मान आहे की अवमान? निरीक्षण करणे, सत्य निर्भीडपणे नोंदवणे आणि जेथे आपला उपाय चालत नाही तेथे तसे कबूल करणे, ही सुश्रुतांची परंपरा. चाव्यावर मिरचीपूड, चुना, हळद नाहीतर तेल चोळणे आणि पाल्याचा रस पाजून रोग्याला घरी पाठवणे, ही त्या परंपरेशी केलेली प्रतारणा होय.

सुश्रुतांना जे साध्य झाले नाही, ते पुढे पॅरिसमध्ये झाले. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. १९०० साली हिमाचलातील कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथे डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि ती जवळजवळ शतकभर आपल्याकडे वापरात होती. पोटात चौदा इंजेक्शने, ही जी धास्ती आजही आपल्या घरांत ऐकू येते, ती त्या लशीची आठवण आहे. त्या लशीने असंख्य जीव वाचवले, पण ती वेदनादायक होती आणि क्वचित मज्जासंस्थेवर दुष्परिणामही करीत असे. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले. तिची जागा पेशीसंवर्धनातून तयार झालेल्या नव्या लशीने घेतली. आज पोटात एकही इंजेक्शन दिले जात नाही. तरीही पोटातल्या सुयांच्या जुन्या भीतीने दवाखाना टाळणारी माणसे आपल्यात आहेत.

नेमके करायचे काय?

चावा बसताच पहिला उपाय घरातच आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून, पूर्ण पंधरा मिनिटे. साध्या कपड्याच्या साबणानेही या विषाणूचे वेष्टन फुटते. इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक औषध दुसरे नाही. त्यानंतर जंतुनाशक लावावे. जखम घट्ट बांधू नये, डागू नये, आणि टाके घालण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

दुसरी पायरी दवाखान्याची, आणि ती त्याच दिवशी. वैद्यकशास्त्राने संपर्काच्या तीन श्रेणी केल्या आहेत. धड कातडीवर कुत्र्याने चाटले, तर ती पहिली श्रेणी, तेथे धुण्यापलीकडे उपचार लागत नाही. रक्त न येता खरचटले, तर दुसरी श्रेणी, तेथे लस हवी. कातडी फाटून रक्त आले, किंवा लाळ जखमेत, डोळ्यात, तोंडात गेली, तर तिसरी श्रेणी. येथे लशीबरोबर आणखी एका गोष्टीची गरज असते. तिला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, दवाखान्यात लोक सीरम म्हणतात. ती जखमेत आणि जखमेभोवती टोचायची असते.

हिची गरज का, हे नीट समजून घेतले पाहिजे. लस शरीराला लढायला शिकवते, पण शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेच्या तोंडाशी पहारा कोण देणार? तो पहारा सीरम देते. २०२४ च्या आरंभी कोल्हापुरात कुत्र्याच्या चाव्यानंतर लस घेऊनही एका तरुणीचा मृत्यू झाल्याचे वृत्त आपण वाचले. त्या एका घटनेचा निवाडा वर्तमानपत्रातून करता येणार नाही. पण त्यानंतर ‘मग लस घेऊन उपयोग काय?’ असे जे बोलले गेले, ते घातक आहे. योग्य निष्कर्ष उलटा निघतो. धुणे, सीरम आणि लस या तिन्ही गोष्टी वेळेवर आणि पूर्ण झाल्या पाहिजेत. तिसऱ्या श्रेणीची जखम असेल, तर ‘डॉक्टर, सीरमची आवश्यकता आहे का?’ हा प्रश्न रोग्याच्या नातेवाइकाने नम्रपणे, पण अवश्य विचारावा. घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तापासून बनणारे सीरम पुष्कळदा तुटपुंजे पडते. म्हणून प्रयोगशाळेत घडवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये बाजारात आणली, ही आपल्या महाराष्ट्राची कामगिरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लशीचे वेळापत्रकही कठीण नाही. दंडाच्या स्नायूत द्यायची झाल्यास पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस अशा दिवशी पाच मात्रा. कातडीत देण्याची पद्धत असेल, तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा चार फेऱ्या. गरोदर स्त्रीला ही लस देता येते, तान्ह्या बाळालाही देता येते. अंडी, वांगी, आंबट बंद, असले कोणतेही पथ्य लागत नाही. आणि उशीर झाला असेल, तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नये. लक्षणे नसतील तोवर, चाव्याला महिना उलटून गेला असला, तरी उपचार सुरू करायचे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये देशव्यापी पाहणी केली. तिच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरे चावतात आणि रेबीजने ५,७२६ माणसे दगावतात. २००३ च्या पाहणीत हाच आकडा वीस हजारांच्या वर होता. म्हणजे प्रगती झाली आहे. पण त्याच नव्या पाहणीत असेही दिसले, की कुत्रा चावलेल्या दर पाचांपैकी सुमारे एकाने लशीची एकही मात्रा घेतली नव्हती. ज्यांनी घेतली, त्यांतल्या अनेकांनी ती पूर्ण केली नव्हती. पाच हजार घरांतील दिवा विझतो तो बहुतेक याच फटीतून.

२०२५ च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एक तरुण, राज्यपातळीवरचा कबड्डीपटू, रेबीजने गेला. नाल्यात पडलेल्या पिल्लाला त्याने बाहेर काढले होते. ते बोटाला किंचित चावले. एवढ्याशा जखमेचे काय, म्हणून त्याने लस घेतली नाही. बंधूंनो, कबड्डी हा आपल्या सांगली जिल्ह्याच्या मातीतला खेळ. मैदानावरच्या खरचटण्याला आपली पोरे माती लावून पुन्हा चढाईला जातात. त्या मर्दानी सवयीचे मला कौतुक आहे. पण दात लहान पिल्लाचे की मोठ्या कुत्र्याचे, हा भेद विषाणू जाणत नाही. आणि त्या तरुणाने जे केले ते पुण्यकर्मच होते, हे विसरू नका. चूक दयेत नव्हती. दयेनंतर जी दक्षता हवी होती, ती राहून गेली.

गोठ्यातील धोका

आपल्या भागात एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. आपण दुधाचा धंदा करणारी माणसे आहोत. पिसाळलेले कुत्रे रात्री गोठ्यात शिरून गाय-म्हैस-रेडकाला चावते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. काही आठवड्यांनी म्हैस वैरण सोडते, तोंडातून लाळ गळू लागते, घोगऱ्या आवाजात हंबरते, मागचे पाय लटपटतात. मालकाला वाटते, घशात काहीतरी अडकले. तो बाह्या सावरून तिच्या जबड्यात हात घालतो. ऊस सोलताना, वैरण कापताना हाताला झालेल्या चिरा असतातच. येथे चावा बसलेला नाही, म्हणून त्याला कुणी चावा म्हणत नाही. पण लाळ जखमेत गेली, म्हणजे ती तिसरी श्रेणीच झाली.

तेव्हा लाळ गाळणाऱ्या, वैरण सोडलेल्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवावे. आणि हात घातलाच गेला असेल, तर साबण आणि दवाखाना. दुधाविषयीची भीती मात्र प्रमाणात ठेवावी. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही. पिसाळलेल्या जनावराचे दूध काढूच नये, कारण धारेला बसणाऱ्याला खरा धोका तिच्या लाळेपासून असतो. जनावराला कुत्रे चावल्याचे समजले, तर त्यालाही चाव्यानंतरची लस देता येते, तेथेही विलंब नको. घरच्या कुत्र्याला पिल्लू तीन महिन्यांचे होताच पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. राखणीला कुत्रे हवे आणि लस नको, हा व्यवहार शेजाऱ्यावर अन्याय करणारा आहे.

भूतदया आणि दक्षता

आता प्रश्न मोकाट कुत्र्यांचा. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी मोकाट कुत्री नोंदली गेली. या प्रश्नावर समाजात दोन टोके दिसतात. एक म्हणते, सारी मारून टाका. दुसरे म्हणते, त्यांना हातही लावू नका, बिस्किटे घाला. येथून जवळच कृष्णाकाठी औदुंबर आणि नृसिंहवाडी आहे. दत्तगुरूंच्या चरणांशी चार श्वान बसलेले आपण रोज पाहतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या मनात आहेत. सरसकट हत्या हा आपल्या संस्काराचा मार्ग नाही, कायद्याचाही नाही. आणि अनुभवाचाही नाही, कारण मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात. पण नामदेवांचे तूप ही भाकरीची काळजी होती. आज ज्याला कुत्र्याची काळजी घ्यायची आहे, त्याच्या हातात बिस्किटाबरोबर लशीचे कार्डही असले पाहिजे. पिसाळून, तडफडून मरणाऱ्या कुत्र्याचे हाल माणसाहून कमी नसतात.

श्वान निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नयेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतून कुत्री हलवण्यास सांगितले. कायदा आहे, आदेश आहेत. प्रश्न अंमलबजावणीचा, म्हणजे अखेर गावाच्या इच्छाशक्तीचा आहे.

हे होऊ शकते का? शेजारच्या गोव्याने करून दाखवले. तेथे २०१३ पासून सरकार, पशुवैद्य आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी एकत्र काम केले. सूत्र एकच, की दरवर्षी शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. पथके गल्लोगल्ली फिरली, जाळ्याने कुत्री धरून, लस टोचून, रंगाची खूण करून तेथेच सोडली. वर्षाला पंचाण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांपर्यंत ही मोहीम पोहोचली, आणि दरवर्षी दीड लाख मुलांना शाळांत माहिती दिली गेली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. मेक्सिकोसारख्या अवाढव्य देशालाही कुत्र्यांपासून माणसाला होणाऱ्या रेबीजमधून मुक्त झाल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिले. मग आष्ट्यासारख्या गावाला हे अशक्य का असावे?

बातमीचा स्वभाव मी जवळून पाहिला आहे. ‘पिसाळलेल्या कुत्र्याचा हैदोस, चौदा जणांना चावा’ अशी बातमी पहिल्या पानावर येते. अठ्ठाविसाव्या दिवशी त्या चौदांपैकी किती जण शेवटच्या मात्रेला आले, ही बातमी होत नाही. जे वृत्तपत्राच्या चौकटीत बसत नाही, ते गल्लीने करायचे असते. गणेशोत्सवात वर्गणीसाठी घरन् घर फिरणारी मंडळे आपल्याकडे आहेत. प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीतील कुत्र्यांची एक यादी करावी. पाश्चर यांची पुण्यतिथी २८ सप्टेंबरला असते, तोच जागतिक रेबीज दिन. त्या दिवसाच्या आसपास नगरपरिषद आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांच्या साहाय्याने लसीकरणाचा एक दिवस ठरवावा. गल्लीत कुणाला चावा बसला, तर अठ्ठावीस दिवस त्याची चौकशी करणारा एक कार्यकर्ता नेमावा. मंगल कार्यालयांचे उष्टे आणि मटणाच्या दुकानांतील टाकाऊ भाग उघड्यावर पडणार नाही, हे पाहावे. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या खोपटांत लहान लेकरे उघड्यावर झोपतात. त्यांच्यापर्यंत हा निरोप त्यांच्या मुकादमामार्फत पोहोचवावा. ती आपल्या गावची मुले नाहीत, असे म्हणू नये. जोवर ती येथे आहेत, तोवर ती आपलीच आहेत.

आणि माता-भगिनींना एक विनंती. मूल कुत्र्याच्या वाटेला गेले म्हणून त्याला मार बसणार असेल, तर ते चावा लपवील. लपवलेला चावा हा या रोगाचा सर्वांत मोठा मित्र. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच सांगा, की ‘कुत्रे चावले, मांजराने ओरबाडले, तर आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही.’ त्या एका वाक्यासाठी पैसा लागत नाही, आदेश लागत नाही. पण एखाद्या घरात तेच वाक्य लेकराचा जीव राखील.